दीड हजारावर अडकलेल्यांनी बुद्धिबळाचा अभ्यास नेमका कशाचा करायचा?

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्याच दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून नागपुरात बुद्धिबळाचा विषय निघाला की तो लहान मुलांवरच जाऊन थांबतो. पोराला कितव्या वर्षी क्लासला घालायचं, कोच कोण चांगला, फी किती. चांगलंच आहे ते. पण याच शहरात बुद्धिबळवाल्यांची दुसरीही एक जमात आहे. ऑफिसातून आल्यावर मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे चार डाव टाकणारी, फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) आणि पिन (हलला तर मागचा मारला जाईल असा खिळलेला मोहरा) बरोबर ओळखणारी, सोसायटीत सगळ्यांना हरवणारी, आणि तरीही काही वर्षं ऑनलाइन रेटिंग १४००-१५००च्या पुढे न सरकलेली. त्यांच्यासाठी कोणी फारसं लिहीत नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी रेटिंग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण निम्मी निराशा ते न समजल्यामुळे येते. रेटिंग हा तुमच्या ज्ञानाचा आकडा नाही. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक एवढंच सांगतो की त्यांच्यात बरेच डाव झाले तर गुण साधारण कसे वाटले जातील. फरक १०० असेल तर वरच्याला शंभरातले सुमारे ६४ गुण मिळावेत, २०० असेल तर सुमारे ७६. म्हणजे तुमच्यापेक्षा २०० नी वरच्या खेळाडूंशी चार डावांत एक गुण काढलात, तर तुम्ही अगदी तुमच्या रेटिंगसारखंच खेळलात. रडायचं काहीच कारण नाही. ऑनलाइनचं रेटिंग आणि फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, त्यांची तुलना करत बसू नका. आणि फिडेचं जुनं रेटिंग सांगणाऱ्या काकांनाही एक गोष्ट आठवण करून द्या: मार्च २०२४ मध्ये फिडेने किमान रेटिंग १४०० केलं आणि २०००च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली. २००० मधून तुमचं रेटिंग वजा करा आणि जे उरेल त्याचे ४० टक्के मिळवा, असा तो हिशेब होता. जुना १५००वाला त्या एका दिवसात १७००चा झाला. खेळ तोच होता.

आता मुद्द्यावर येऊ. नवशिक्या कशानेही सुधारतो. एक व्हिडिओ पाहिला, एक सापळा शिकला की ५० गुण वाढतात. मधल्या टप्प्यावर तसं होत नाही, कारण इथे माणूस ज्ञान कमी असल्यामुळे हरत नाही. तीस चाली सुरेख खेळतो आणि एकतिसाव्या चालीला हत्ती फुकट देतो. किंवा जिंकलेला डाव बरोबरीत सोडतो. तुमची सर्वात चांगली चाल कदाचित १९००च्या खेळाडूची असेल. रेटिंग मात्र ठरतं ते सर्वात वाईट चालीवर. म्हणून नवीन ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा ठरलेला क्रम, शिकणं, नवीन कोर्स विकत घेणं हे या टप्प्यावर बहुतेकदा पळवाट असते. वर चांगल्या चाली टाकून उपयोग नसतो, खालच्या वाईट चाली कमी कराव्या लागतात. आणि त्या कुठे सापडतात? तुमच्याच हरलेल्या डावांत. यूट्यूबवर नाही.

हरलेला डाव कसा वाचायचा

डाव संपला की आपण काय करतो? लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लावतो. दोन ठिकाणी लाल खूण दिसते, "अरे, इथं घोडा फुकट गेला" असं म्हणतो आणि पुढचा डाव सुरू. याला विश्लेषण म्हणत नाहीत. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो, कशामुळे आलाय ते सांगत नाही.

त्याऐवजी पहिल्या दिवशी इंजिन बंदच ठेवा. डाव परत लावा, लाकडी पटावर असेल तर फारच छान, आणि प्रत्येक महत्त्वाच्या चालीपाशी त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते लिहा. "इथे मला वाटलं तो वजीर मारणार." "इथे मी त्याच्या उंटाकडे पाहिलंच नाही." "इथे कंटाळलो होतो." चालीपेक्षा हा विचार जास्त मोलाचा असतो, आणि दोन दिवसांनी तो आठवत नाही. स्पर्धेतला डाव असेल तर आणखी एक सवय लावा: दर चार-पाच चालींनी स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) घड्याळातली शिल्लक वेळ लिहा. नियमाने ते चालतं. चाल खेळण्याआधी ती लिहून ठेवणं मात्र चालत नाही. जुन्या पिढीतल्या काहींना ती सवय असते आणि पंच टोकतात.

वेळेच्या या नोंदी पहिल्यांदा पाहिल्या की बऱ्याच जणांना धक्का बसतो. ठरलेल्या ओपनिंगच्या चालींवर दोन-दोन मिनिटं घालवलेली असतात आणि ज्या चालीने डाव फिरला ती आठ सेकंदांत खेळलेली असते. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा, असा वेळ मिळूनही पाऊण तास शिल्लक असताना हरणारे लोक मी इथल्या स्पर्धांमध्ये सर्रास बघतो.

आता एक उदाहरण जवळून बघू. पट मांडा, फक्त तीन मोहरे लागतील. (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूने मोजायच्या.) पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. चाल पांढऱ्याची. समजा तुमच्या डावात हत्तीला हत्ती मारला गेला आणि हे उरलं. एक प्यादं जास्त आहे, राजा पुढे आहे, जिंकलो असं वाटतं. प्रत्यक्षात ही बरोबरी आहे. तुम्ही राजा डी५ वर नेला की तो डी७ वर येतो, एफ५ वर नेला की एफ७ वर. दर वेळी समोरासमोर उभा राहून वाट अडवतो, आणि तुमचं प्यादं राजाच्याच पाठीमागे अडकल्यामुळे हलू शकत नाही.

तेच प्यादं ई४ ऐवजी ई३ वर ठेवा. बाकी सगळं तसंच, चालही पांढऱ्याचीच. आता तुम्ही शांतपणे प्यादं ई४ वर सरकवता. स्थिती तीच झाली, पण चाल आता काळ्याची आहे! त्याला बाजूला व्हावंच लागतं. तो डी७ वर गेला तर तुमचा राजा एफ६ वर घुसतो, एफ७ वर गेला तर डी६ वर. डाव जिंकला.

इंजिन काय करेल? हत्ती बदलण्याच्या चालीवर लाल खूण करेल. खूण बरोबर आहे, पण शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या आधीच्या पाच-सहा चालींत दडलेली आहे, जिथे तुम्ही काही सुचलं नाही म्हणून प्यादं ई३ वरून ई४ वर ढकललं होतं. ती चाल इंजिनला कदाचित खटकणारही नाही. तुम्हाला मात्र ती वहीत लिहून ठेवायला हवी: एंडगेममध्ये, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावर, राजा आधी, प्यादं मागून, प्याद्याची एक चाल हाताशी राखून ठेवायची. अशी कारणं आधी स्वतः शोधायची आणि मग दुसऱ्या दिवशी इंजिन लावून पडताळायची. स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट आहे, ते आपल्याला तपासून देणारा म्हणून वापरा. उत्तरपत्रिका आधी त्याच्याकडूनच घेतली तर परीक्षेला बसलात कशाला?

असे दहा-बारा हरलेले डाव तपासून झाले की वहीत गंमत दिसू लागते. चुका वेगवेगळ्या नसतात. दोन-तीनच प्रकार फिरून फिरून येतात. कोणी सतत समोरच्याच्या घोड्याच्या उड्या विसरतो. कोणी पुढे असला की सैल होतो. कोणाला वजीर बदलायची भीती असते, तो प्रत्येक वेळी टाळतो आणि वाईट जागी जाऊन बसतो. तुमचा प्रकार कोणता हे कळलं की अभ्यास काय करायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

कोडी सोडवतो, तरी डावात दिसत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कोड्यांचं रेटिंग २००० आणि डावाचं १४५०. असं का होतं?

पहिलं कारण साधं आहे. कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. डावात खांद्यावर हात ठेवून कोणी सांगत नाही, की बाबा, आता थांब, इथे फोर्क आहे. दुसरं कारण हे, की कोड्यांत आपण नेहमी मारणाऱ्या बाजूने असतो. मार खाणाऱ्या बाजूने बघायची सवयच लागत नाही. आणि १५००च्या आसपासचे डाव स्वतःचा हल्ला न दिसल्याने जेवढे जातात, त्यापेक्षा जास्त समोरच्याची चाल न दिसल्याने जातात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. समोरच्याने चाल केली की स्वतःच्या योजनेकडे वळण्याआधी तीन गोष्टी त्याच्या बाजूने बघा: तो मला शह कुठे देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाची धमकी देतोय. मग स्वतःची चाल मनात ठरवा आणि ती पटावर झाली आहे असं धरून तेच तीन प्रश्न परत विचारा. शह, मार, धमकी. सुरुवातीला यात प्रत्येक चालीला पाऊण मिनिट जातं, नंतर काही सेकंद. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये ही सवय कधीच लागणार नाही. ती लावायला निदान १५ मिनिटं आणि १० सेकंद जादा असा वेळ हवा.

कोडी सोडवायचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्ही लागतात. एक वेगाचा. याच्यामागे थोडं शास्त्र आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावांतल्या स्थिती पाच सेकंद दाखवून त्या आठवणीने परत मांडायला सांगितल्या. मास्टर खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर मांडले. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून मांडले, तेव्हा दोघांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्याला सुटे मोहरे दिसतच नव्हते, ओळखीच्या आकृत्या दिसत होत्या: कॅसलिंग करून कोपऱ्याकडे गेलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, एफ३ वरचा घोडा, हे सगळं मिळून एकच गोष्ट. ही ओळख वाढवायची तर सोप्या-मध्यम कोड्यांचा एक ठरावीक संच घ्या, काही शे पुरतात, आणि तोच पुन्हा पुन्हा सोडवा, दर फेरीला कमी वेळात. रोज नवी कोडी शोधण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, हा माझा अनुभव. खापरीहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोने जाणाऱ्याला तेवढ्या वेळात दहा-पंधरा सहज होतात.

दुसरा प्रकार संथ. एकच अवघड कोडं, पंधरा मिनिटं, मोहऱ्यांना हात न लावता. उत्तराची पूर्ण ओळ कागदावर लिहायची, समोरच्याच्या सर्वात चिवट उत्तरासकट, आणि मगच तपासायचं. पहिली चाल बरोबर आली आणि पुढची ओळ चुकली तर कोडं चुकलं असंच धरा. ऑनलाइन कोड्यांत आपण पहिली चाल अंदाजाने मारतो, हिरवी टिक येते, मग दुसरी शोधतो. डावात ही सोय नाही. तिथे हात लावला की तो मोहरा चालवावाच लागतो.

ओपनिंग: किती आणि कुठवर

मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूचा सर्वात जास्त वेळ ओपनिंगमध्ये जातो आणि सर्वात कमी फायदा तिथूनच होतो. पांढऱ्याने एक, काळ्याने समोरच्याच्या पहिल्या ई४ चालीविरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक, एवढं पुरे. वर्षभर बदलू नका. कोणती निवडावी यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

पण जे शिकाल ते कशासाठी हे कळलं पाहिजे. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत हमखास दिसणारा फ्राइड लिव्हरचा प्रकार घ्या. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६, आणि मग पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो, एफ७ वर डोळा ठेवून. काळा डी५ ने उत्तर देतो, पांढरा ते प्यादं मारतो. इथे काळ्याने घोड्याने परत मारलं की पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो आणि काळा राजा मैदानात ओढला जातो. म्हणून सगळे पाठ करतात: घोडा ए५. मग उंट बी५ शह, सी६, प्याद्याने मारलं, बी-प्याद्याने परत मारलं, उंट ई२ वर मागे गेला. इथे पाठांतर संपतं. काळ्याकडे एक प्यादं कमी, एक घोडा पटाच्या कडेला. पाठ करणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि तो पुढच्या पाच चालींत ते प्यादं परत मिळवायच्या नादात डाव घालवतो.

चुकलेलं काही नसतं. प्याद्याच्या बदल्यात काळ्याला वेळ मिळाला आहे. आता एच६ ने जी५ चा घोडा हाकलायचा, तो एफ३ वर गेला की ई४ ने परत हाकलायचा. पांढऱ्याचे मोहरे मागे मागे जातात आणि काळ्याचे उंट मोकळे होतात. हा सौदा एकदा समजला की पुढची चाल पाठ नसली तरी सुचते. ज्या ओपनिंगमधला असा सौदा तुम्हाला घरच्यांना दोन वाक्यांत सांगता येत नाही, ती तुम्हाला येत नाही असं समजा.

वाढवायचं कसं? प्रत्येक डावानंतर फक्त एवढंच बघा: माहिती असलेल्या ओळीतून आधी कोण बाहेर पडलं, आणि तिथे काय खेळायला हवं होतं. एक चाल. वहीत लिहा, पुढे चला. वर्षाकाठी यातून जे जमतं ते तुमच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या सवयींवर बेतलेलं असतं. विकतच्या कोर्सात ते कुठून मिळणार?

एंडगेम: इथे खरे गुण पडलेले आहेत

विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत माजी विश्वविजेत्या तान झोंगयीविरुद्ध दिव्याने जिंकलेला डाव १०१ चालींचा होता. अंतिम फेरीतही दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, रॅपिडचा (कमी वेळेचा) पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळून तिने निकाल लावला. स्पर्धेला गेली तेव्हा ती ग्रँडमास्टर नव्हती, परतली ती ग्रँडमास्टर होऊन. तिच्या ओपनिंगची नक्कल करू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते शंभर चाली बसणं आधी बघावं.

मधल्या टप्प्यावर एंडगेमचा अभ्यास मुळीच अफाट नाही. राजा-प्याद्याचा वर दाखवलेला प्रकार, एकटं प्यादं राजाच्या पकडीत सापडतं का ते मोजायचा चौकोनाचा नियम, आणि हत्तीच्या दोन स्थिती. हत्तीचे एंडगेम सर्वात जास्त येतात, कारण हत्ती सगळ्यात शेवटी खेळात उतरतात आणि शेवटपर्यंत टिकतात.

पहिली स्थिती बचावाची, फिलिदोरची. हा अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस पोटापाण्याला ऑपेराचं संगीत रचायचा आणि बुद्धिबळात त्या काळी त्याला तोड नव्हती. पांढऱ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुमच्याकडे नुसता हत्ती. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत, वजीर होण्याच्या घरावर बसलेला. पांढरा राजा आणि प्यादं (पांढऱ्याकडून मोजता) पाचव्या ओळीपर्यंत आले आहेत. आता तुमचा हत्ती सहाव्या ओळीवर आडवा उभा करा. पांढरा राजा पुढे येऊच शकत नाही. तुम्ही त्या ओळीवर इकडून तिकडे फिरत राहायचं, बस. शेवटी तो नाइलाजाने प्यादं सहाव्या ओळीत ढकलतो. त्याच क्षणी तुमचा हत्ती थेट पहिल्या ओळीत जातो आणि मागून शह द्यायला लागतो. राजाला लपायला जी जागा होती तिथे आता त्याचंच प्यादं बसलं आहे. डाव बरोबरीत. एवढं एक माहीत नसल्यामुळे वर्षाला किती अर्धे गुण जातात ते मोजायला गेलं तर झोप उडेल.

दुसरी स्थिती जिंकण्याची, लुसेनाची, जिथे राजा प्याद्याच्या पुढे अडकलेला असतो आणि हत्ती चौथ्या ओळीवर आणून शहांपासून आडोसा करायचा असतो. गंमत म्हणजे १४९७ सालच्या लुसेनाच्या पुस्तकात ही स्थिती नाहीच. ती साल्व्हियोच्या १६३४ च्या पुस्तकात आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. ही स्थिती इंजिनविरुद्ध न बघता जिंकता येईपर्यंत खेळा. वाचून ती येत नाही, हे आधीच सांगतो.

डावाच्या मध्यावर, म्हणजे मिडलगेमवर, मी इथे मुद्दाम कमी लिहितोय. या टप्प्यावर दोन प्रश्न पुरतात: माझा सर्वात निकामी मोहरा कोणता आणि त्याला बरी जागा कुठे आहे? आणि प्याद्यांची रचना बघता कोणत्या बाजूला खेळायचं? बाकीचं जुन्या मास्टरांचे टीपांसह छापलेले डाव बघून येतं. माजी विश्वविजेत्या कापाब्लांकासारख्यांचे घ्या, ज्यांच्या योजना स्वच्छ दिसतात. पुढची चाल झाकून अंदाज करत वाचायचं. आजच्या अव्वल खेळाडूंचे डाव बघायला मजा येते, पण ते इतकं काही टाळत असतात की आपल्याला पटावर ते दिसतच नाही.

आठवडा कसा वाटायचा

नोकरी-घर सांभाळून आठवड्याला पाच तास निघाले तर पुष्कळ. त्यातला जवळपास निम्मा वेळ एक-दोन लांब डाव खेळणं आणि त्यांची चिरफाड यांना द्या. रोजची पंधरा-वीस मिनिटं कोड्यांना. अर्धा तास एंडगेमला, तोही पटावर. ओपनिंगला जे उरेल ते. ब्लिट्झ खेळायचं तर जरूर खेळा, मजेसाठी. तो अभ्यासाच्या हिशेबात धरू नका. रात्री अकरानंतर हरलेला डाव वसूल करायला खेळलेले पाच डाव तर अजिबात नाही.

आणि वर्षातून निदान दोन-तीन वेळा प्रत्यक्ष पटावरची रेटिंग स्पर्धा खेळा. ऑनलाइनवाल्यांना पहिल्या फेरीत पट वेगळाच दिसतो, लाकडी मोहऱ्यांत फोर्क सापडत नाही. एक-दोन फेऱ्यांत डोळा बसतो. आपल्याकडे स्पर्धांचा मोठा हंगाम शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे बाहेर ४५ अंश आणि सभागृहात पंखे-कूलरची घरघर. पाण्याची बाटली जवळ ठेवा, दोन फेऱ्यांच्या मध्ये भरपेट जेवून पेंगू नका, आणि दुपारच्या फेरीत जाणूनबुजून सावकाश खेळा, कारण चुका तिथेच होतात.

समोर बरेचदा पाय जमिनीला न टेकणारं पोट्टं येईल. त्याच्या रेटिंगवर जाऊ नका. ते पोरगं रोज तीन तास सराव करतंय आणि त्याचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे धावतंय. रेटिंग किती हलायचं ते ज्या गुणकावर ठरतं तो १८ वर्षांखालच्यांना ४० असतो (रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत), आणि तुमच्यासारख्या स्थिरावलेल्या मोठ्या माणसाला २०. त्यामुळे बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलंत तर तुम्हाला १० गुण, त्याच डावात ते पोरगं जिंकलं असतं तर त्याला २०. तुमच्यापेक्षा २०० नी खालच्याशी हरलात तर तुमचे सुमारे १५ जातात. जाऊ द्या. पुढच्या स्पर्धेपर्यंत ते पोरगं तुमच्या वर गेलेलं असेल आणि तीच हार तेव्हा साधी वाटेल.

बिलो १८०० सारख्या मर्यादित गटांत बक्षिसाची आशा असते, खुल्या गटात शिकायला जास्त मिळतं. जमल्यास आलटून पालटून खेळा. फक्त बक्षिसाच्या गटांतच वर्षानुवर्षं राहणारे लोक तिथेच राहतात.

डाव हरल्यावर सही करून उठून जाऊ नका. पोरगं तयार असेल तर हॉलच्या बाहेर बसून दोघं मिळून डाव परत बघा. "काका, इथं तुमचा हत्ती फ्री होता ना, मारला काहून नाही?" असं ते सरळ तोंडावर म्हणेल, लहान मुलं भीड ठेवत नाहीत, हेच बरं. तुम्ही त्याला एकच गोष्ट विचारा: माझी कोणती चाल बघून तुला हायसं वाटलं? तो ज्या चालीवर बोट ठेवेल तिच्यापुढे स्कोअरशीटवर खूण करा, आणि घरी गेल्यावर विश्लेषण तिथून पाच चाली मागे जाऊन सुरू करा.